तांबडे खडक आणि रुप्याचें गांव



पर्वत कसे उत्पन्न होतात हें आपण भूगोलाच्या तासाला नकाशावर शिकतों. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत हाच पाठ प्रत्यक्ष पर्वतापुढें उभें राहून शिकण्याचा योग आम्हांस आला. आमचे थोरले बंधु अमेरिकेंत असतात. त्यांच्या कुटुंबासह कोलोरॅडो राज्यांत आम्ही दहा दिवस हिंडलों. मुक्काम मात्र चालत्या घरांत! एका लांब मोटारींतच निजावयाच्या फळ्या, चूल, मोरी व पाण्याची टांकी होती. पाणी मोजून वापरावें, सांडपाणी सांठवून नेमलेल्या जागींच रितें करावें, आणि सकाळीं निघतांना मुक्कामाची जागा होती तशी ठेवावी, हे त्या घराचे नियम होते.

प्रथम आम्ही कोलोरॅडो स्प्रिंग्ज शहराजवळील ‘गार्डन ऑफ द गॉड्ज’ म्हणजे ‘देवांची बाग’ पाहिली. हें नांव १८५९ सालीं पडलें. मात्र या बागेची शोभा फुलांची नव्हे. तांबड्या वालुकाश्माच्या भिंती जमिनींतून सरळ वर आलेल्या आहेत, व कांहीं तर सुमारें ३०० फूट उंच आहेत. याचें कारण असें: सुमारें ३० कोटी वर्षांपूर्वीं तेथें आजच्याहून निराळे, प्राचीन पर्वत होते. ऊन, पाऊस व ओढे यांनीं ते झिजले. त्यांची वाळू व गोटे पायथ्याशीं थरावर थर सांचून दगड बनले, आणि त्यांतील लोहाच्या गंजामुळें त्यांस तांबडा रंग आला. पुढें सुमारें सात कोटी वर्षांपूर्वीं आजचा रॉकी पर्वत वर उचलला जाऊं लागला, तेव्हां हे आडवे थर उभे झाले. मेजावर पुस्तकांचा गठ्ठा ठेवून त्याची एक बाजू उचलून पाहा, म्हणजे हें ध्यानांत येईल. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड ज्या लाव्हारसापासून झाला, तो सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींचा. म्हणजे जवळजवळ त्याच काळांतला.

ही जागा चार्ल्स पर्किन्स नांवाच्या एका रेल्वे-अधिकाऱ्याच्या मालकीची होती. ती लोकांस मोकळी असावी अशी त्याची इच्छा होती. म्हणून त्याच्या मृत्यूनंतर १९०९ सालीं त्याच्या मुलांनीं आपली ४८० एकर जमीन शहरास देऊन टाकली. एक अट अशी कीं, ती सर्वांस सदैव विनामूल्य खुली राहावी.

येथेंच आमच्या हातून एक चूक घडली. वर्गांतील कपाटांत ठेवून तुम्हांस दाखवावा म्हणून आम्हीं मुठीएवढा एक तांबडा दगड उचलून खिशांत घातला. बंधूंची नऊ वर्षांची कन्या फलक वाचीत होती. ती म्हणाली, “काका, येथून कांहीं नेऊं नये असें लिहिलें आहे. येणाऱ्या प्रत्येकानें एकेक दगड नेला तर?” आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. दगड होता तेथें ठेवला.

त्या प्रश्नाचें उत्तर पुढच्या मुक्कामीं, लेडव्हिल गांवीं, मिळालें. हें गांव सुमारें १०,१५० फुटांवर, म्हणजे कळसूबाईच्या शिखराच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर आहे. चार पावलें चढतांच दम लागे. डाळ तर तासभर उकळूनही शिजेना! हवेचा दाब कमी असल्यामुळें तेथें पाणी सुमारें ९० अंशांवरच उकळतें, हें शिकविणाऱ्या आम्हांसच तें आठवलें नाहीं.

येथें १८६० सालीं सोनें सांपडलें. सोनें धुतांना आड येणारी जड काळी वाळू लोक वैतागून फेकून देत. पुढें तिच्यांतच शिसें व रुपें आहे असें कळलें, आणि १८७७ नंतर हजारों लोक धांवून आले. त्या पर्वतांत पूर्वापार राहणाऱ्या यूट लोकांपैकीं अनेकांस १८८१ सालीं बळजबरीनें युटा प्रदेशांत हलविण्यांत आलें. होरेस टेबर नांवाचा दुकानदार खाणींवर कोट्यधीश झाला. त्यानें १८७९ सालीं बांधलेलें नाट्यगृह अद्याप उभें आहे.

आतां नवल ऐका. त्या काळीं कोणींही रुपें आणून मुंबईच्या व कलकत्त्याच्या टांकसाळींत त्याचे रुपये पाडून घेऊं शकत असे. १८९३ च्या जूनमध्यें हिंदुस्थान सरकारनें ही मोकळीक बंद केली. रुप्याचा भाव एकदम कोसळला, आणि कोलोरॅडोंतील खाणी बंद पडूं लागल्या. त्याच वर्षीं अमेरिकन सरकारनेंही रुप्याची ठरीव खरेदी थांबविली. टेबरची संपत्ति गेली. १८९९ सालीं तो वारला. हिंदुस्थानांतील एका हुकुमानें इतक्या दूरच्या घरांतील चूल विझावी, एवढा मनुष्यांचा व्यवहार एकमेकांत गुंतलेला आहे!

खाणी गेल्या, परंतु त्यांची माती राहिली. तिच्यांतून झिरपणारें आंबट, धातुमिश्रित पाणी आर्कान्सा नदींत जाऊं लागलें. १८६० पासून जें उकरलें, तें निस्तरण्यासाठीं १९८३ सालीं सरकारला हा भाग देशांतील अत्यंत दूषित स्थळांच्या यादींत घालावा लागला, आणि सफाईचें काम पुढें कित्येक वर्षें चाललें.

एका ठिकाणीं मिळालेलें देऊन टाकलें, दुसऱ्या ठिकाणीं घेववेल तितकें घेतलें. दोन्हींचें फळ आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें. मुलांनो, तुम्हीही सहलीस गडांवर जातां; तेथील बुरुजावर नांव कोरण्यापूर्वीं त्या मुलीचा प्रश्न स्वतःस विचारा. आणि पालकांस विनंति कीं, मुलांबरोबर आपणही तो विचारावा. कपाटांत त्या दगडासाठीं योजिलेली जागा रिकामीच आहे. ती तशीच राहूं द्यावी, असें आम्हीं ठरविलें आहे.