जिओफायबर आलं, केबलवाल्याने काय करायचं?

व्हिडिओत हा मुद्दा राहून गेला. ५ सप्टेंबर २०१९ ला जिओफायबर सुरू झालं, ६९९ रुपयांपासून. वर्षभरात ३९९ चा प्लॅन आला. आपल्या चिंचणीतला केबलवाला या भावात टिकेल? नाही, स्पष्टच सांगतो.

पण त्याआधीचं बघा. ऑक्टोबर २०१८ मध्ये रिलायन्सने डेन आणि हॅथवे या केबल कंपन्यांत मोठा हिस्सा घ्यायचं जाहीर केलं, ५,२३० कोटींना! एवढा पैसा हाताशी असून हे का? कारण घराघरात गेलेली वायर आणि दारातली ओळख केबलवाल्यांकडे होती. पावसात वायर तुटली की फोन त्यालाच जातो ना?

तुमच्या धंद्यात असं काय आहे, जे मोठ्यालाही विकतच घ्यावं लागेल? आजच वहीत लिहा. मी माझ्या दुकानाचं लिहायला बसलो, तर दोनच ओळी झाल्या. त्यातली एक उधारीची.