जाहिरातीच्या फोनचा बंदोबस्त

कर्ज, भूखंड, विमा यांचे ध्वनिमुद्रित फोन ऐन फवारणीच्या वेळी येतात. हात धुऊन फोन घ्यावा तर पलीकडे माणूसच नसतो. (औषधाच्या हाताने फोन घेऊ नयेच.)

मोबाईलवरून १९०९ या क्रमांकावर इंग्रजीत 'स्टार्ट' लिहून, जागा सोडून ० असा संदेश पाठवावा किंवा त्याच क्रमांकावर फोन करावा. यास पैसे पडत नाहीत. बँकेचे व्यवहाराचे संदेश यामुळे बंद होत नाहीत, तेव्हा नोंदणीस कचरू नये. घरातील प्रत्येक सिमकार्डाची नोंद वेगळी करावी. त्यानंतरही जाहिरातीचा फोन आल्यास क्रमांक व तारीख टिपून ७ दिवसांच्या आत १९०९ वरच तक्रार द्यावी. साध्या १० अंकी क्रमांकावरून आलेल्या फोनचीही तक्रार करता येते.

जाहिरातीचा त्रास एक वेळ परवडला. फसवणुकीचा फोन त्याहून घातक. 'पीएम किसानचा हप्ता अडला आहे, ९ दाबा' असे यंत्र सांगू लागले, तर काहीही न दाबता फोन ठेवावा. ई-केवायसीसाठी कोणालाही ओटीपी सांगू नये आणि व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाईल उघडू नये. हे काम जवळच्या सेवा केंद्रात बोटाच्या ठशावर होते. खात्यातून रक्कम गेलीच, तर तालुक्याला जाण्याची वाट न पाहता लगेच १९३० वर फोन करावा. रक्कम पुढील खात्यात वळती होण्यापूर्वी कळवल्यास ती रोखता येण्याची शक्यता अधिक असते. व्यवहाराचा संदेश मोबाईलमधून पुसू नये. तक्रारीत त्यातील क्रमांक द्यावा लागतो.