जुन्या टेम्पोचा फॅन बेल्ट : तुटण्याआधी बदला, नीट बदला

निरगुडसर, मंचर, नारायणगाव या पट्ट्यातून बटाटा, कांदा, टोमॅटो, तरकारी घेऊन टेम्पो रात्रीच्या रात्री मुंबईकडे जातात. बाजारहाटाला दुकान लादून फिरणाऱ्या गाड्याही बऱ्याच आहेत. यांतल्या पुष्कळ गाड्या जुन्या. १९८६ साली बाजारात आलेली टाटा ४०७ घ्या, जुनी जीप घ्या. रबराचा एक पट्टा तुटला की गाडी जागेवर बसते आणि तरकारीचा भाव सकाळपर्यंत निघून जातो. म्हणून गाडीमालकांनी आणि नव्या मिस्त्रींनी या पट्ट्याचे काम समजून घेतले पाहिजे.

पट्टा काय काय चालवतो?

नाव फॅन बेल्ट असले तरी जुन्या गाड्यांत बहुधा याच पट्ट्यावर वॉटर पंप आणि आल्टरनेटर (ज्याला आपण डायनामो म्हणतो) चालतो. पट्टा तुटला तरी जुने डिझेल इंजिन बंद पडत नाही, आणि धोका इथेच आहे. ड्रायव्हर गाडी दामटत राहतो. पाणी फिरत नाही, इंजिन तापते, हेड गॅसकेट उडते, प्रसंगी हेडच वाकते. म्हणून चार्जिंगचा दिवा लागला आणि पाण्याचा काटा चढू लागला, की गाडी ताबडतोब बाजूला घ्यावी. गरम रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नये.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. अनेक डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप आल्टरनेटरच्या मागे बसवलेला असतो. पट्टा गेला की थोड्या वेळात ब्रेकचा पेडल दगडासारखा कडक होतो. माळशेज घाट उतरताना भरल्या गाडीला असे झाले तर काय होईल, हे सांगायला नको.

केव्हा बदलावा?

पट्टा उलटा करून आतली बाजू पाहावी. भेगा, सुटलेले धागे, काचेसारखी चमकणारी बाजू, तेल किंवा डिझेल पिऊन फुगलेले रबर, यांपैकी काहीही दिसले तर पट्टा बदलावा. व्ही आकाराचा पट्टा पुलीला दोन्ही बाजूंनी धरतो, तळाला टेकत नाही. तो खोबणीच्या तळाशी बसू लागला, तर पट्टा तरी झिजला आहे किंवा पुली तरी. किरकिर आवाज थांबवायला साबण किंवा राळ लावणे हा इलाज नव्हे.

बदलण्याची रीत

१. इंजिन थंड होऊ द्यावे. चावी काढावी, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी. पट्टा कोणत्या पुलीवरून कसा गेला आहे ते कागदावर काढून ठेवावे.

२. आल्टरनेटरचे बोल्ट ढिले करून तो इंजिनकडे ढकलावा आणि पट्टा काढावा. स्क्रू ड्रायव्हरने ओढूनताणून पट्टा चढवू नये. आतले धागे तुटतात आणि नवा पट्टा लवकर जातो.

३. जुना पट्टा का गेला ते शोधावे. पंप आणि आल्टरनेटरची पुली हाताने फिरवावी. खरखर किंवा खेळ असेल तर बेअरिंग बदलावे. तेल गळत असेल तर आधी गळती बंद करावी. सरळ पट्टी लावून पुल्या एका रेषेत आहेत ना, ते पाहावे.

४. नवा पट्टा नंबर जुळवूनच घ्यावा. गाडीचे नाव एकच असले तरी वर्षागणिक इंजिन आणि पट्टा बदलतो. पिठाच्या गिरणीचा पट्टा रुंदीने सारखा दिसला म्हणून घालू नये. पट्ट्यांची जोडी असेल तर दोन्ही एकदम बदलावेत. नव्या-जुन्या जोडीत सारा भार नव्यावर येतो.

५. ताण देताना टॉमी आल्टरनेटरच्या मजबूत भागावर टेकवावी, पातळ कव्हरवर किंवा व्हॅक्यूम पंपावर नव्हे. दोन पुल्यांमधल्या लांब भागावर अंगठ्याने दाबल्यास पट्टा साधारण अर्धा इंच दबावा. नेमके माप गाडीच्या पुस्तकात असते. ढिला पट्टा घसरतो, फार ताणलेला पट्टा बेअरिंग खातो.

६. इंजिन पंधरा-वीस मिनिटे चालवून बंद करावे आणि ताण पुन्हा पाहावा. नवा पट्टा सुरुवातीला थोडा ढिला होतोच. दोन-तीन खेपांनंतर परत तपासावे. पुष्कळ मिस्त्री नेमकी ही पायरी सोडतात आणि नाव पट्ट्याचे खराब होते.

हे सर्व बाहेरच्या पट्ट्याविषयी झाले. कव्हरच्या आतला टायमिंग बेल्ट हे वेगळे काम आहे. खुणा जुळवता येत नसतील तर त्याला हात लावू नये.

धंद्याचा हिशेब

पट्ट्याची किंमत वाशीच्या एका खेपेच्या डिझेलपेक्षा कमी. उडालेले गॅसकेट, गाडी ओढून आणण्याचा खर्च आणि सडलेला माल यांचा हिशेब प्रत्येकाने स्वतः करावा. मालकांनी योग्य नंबरचा एक पट्टा, दोन पाने आणि पाण्याचा कॅन गाडीत ठेवावा. मिस्त्रींनी पट्टा बसवल्याची तारीख आणि किलोमीटर वहीत लिहून ठेवावेत, काढलेला पट्टा गिऱ्हाइकाला दाखवावा आणि तपासणीला परत बोलवावे. असे गिऱ्हाईक दुसऱ्या गॅरेजला जात नाही.