शाळेतला जुना संगणक, सोमवारचा आजार आणि बायोस सेटिंग



आमच्या बोईसरकडच्या शाळेत ऑफिसमध्ये एक जुना संगणक आहे. तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्याने नवीन मशीन घेतल्यावर जुनी शाळेला दिली, त्यातला हा एक. त्याला एक गमतीशीर आजार होता. दर सोमवारी सकाळी चालू केला की काळ्या स्क्रीनवर इंग्रजी ओळी यायच्या आणि 'एफ१ दाबा' असं म्हणून तो थांबायचा. दाबलं की विंडोज सुरू व्हायचं, पण तारीख दिसायची १ जानेवारी २००९! मग शालार्थ असो की यू-डायस, ब्राउझर म्हणायचा, कनेक्शन सुरक्षित नाही. तारीख हाताने दुरुस्त केली की शनिवारपर्यंत सगळं सुरळीत.

दुरुस्तीवाल्याने पाहिलं आणि मदरबोर्ड गेलाय म्हणाला. आम्ही संगणकाचं नाव निर्लेखनाच्या यादीत लिहूनसुद्धा टाकलं होतं. शिष्यवृत्तीचे फॉर्म तोंडावर आलेले आणि मी मात्र बोईसर स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत रांगेत.

आता सोमवारच का? विचार केला तेव्हा लक्षात आलं. पावसाळ्यात आपल्याकडे विजा कडाडतात, लाईट सारखी जाते-येते, म्हणून शनिवारी शाळा सुटताना शिपाईमामा मेन स्विच बंद करतात. संगणक बंद असला तरी प्लगमधून वीज मिळत असेल तर त्याचं घड्याळ तिच्यावर चालतं. वीज पूर्ण तुटली की भार मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलवर येतो. तो सेल संपलेला! रविवारभर घड्याळाला वालीच नसायचा. आणि वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्रावर 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं. संगणकाच्या मते साल २००९, म्हणजे ते प्रमाणपत्र अजून जन्मलेलंच नाही. म्हणून तो नकार देणार.

सेलवर सीआर२०३२ असं लिहिलेलं असतं. ३ व्होल्ट, २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड. नावातच माप आहे. घड्याळाच्या दुकानात मिळतो. दिसायला तसाच सीआर२०२५ घेऊ नका, तो पातळ असल्याने खोबणीत नीट टेकत नाही. बदलताना प्लग काढा, पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या धातूला हात लावा आणि मगच आत हात घाला. अधिकची खूण असलेली बाजू वर. पालकांसाठी खास सांगतो, जुना सेल टेबलावर ठेवू नका. लहान मुलाने गिळला तर अन्ननलिकेला थोड्याच वेळात गंभीर इजा होते. अशा वेळी वाट न पाहता थेट दवाखाना गाठायचा.

सेल बदलला की काम संपलं असं मलाही वाटलं होतं. इथेच माझी चूक झाली.

बायोस म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमध्ये भरलेला छोटा प्रोग्राम. विंडोजच्या आधी तो जागा होतो, रॅम आणि कीबोर्ड तपासतो, आणि कोणत्या डिस्कवरून सुरुवात करायची ते ठरवतो. शिपाईमामा सगळ्यांच्या आधी येऊन कुलपं उघडतात ना, तसंच. त्याच्यात जायचं तर चालू करताच एक बटण टिचक्या मारल्यासारखं दाबत राहायचं: डेलला एफ२, एचपीला एफ१०, जुन्या लेनोवोला एफ१, सुट्या भागांतून जुळवलेल्या मशीनला बहुतेक वेळा डिलीट. मी आत गेलो, तारीख घातली आणि चांगलंच होईल म्हणून 'लोड डिफॉल्ट्स' निवडून सेव्ह केलं. पुढे काय? निळी स्क्रीन, ७बीने संपणारा कोड, आणि पुन्हा पुन्हा रीस्टार्ट. आत दहा वर्षांचे निकाल, दाखल्यांच्या नोंदी! फॉरमॅट मारायलाच लागेल, असं फोनवर सांगणारेही भेटले.

फॉरमॅटची काही गरज नव्हती. हार्डडिस्कशी बोलायच्या दोन पद्धती असतात, आयडीई आणि एएचसीआय. विंडोज टाकताना जी होती तीच पुढे लागते. डिफॉल्टने ती बदलली होती. साटा मोडमध्ये जाऊन परत आयडीई केलं आणि सगळं जागेवर. तेव्हापासून माझा नियम: काहीही बदलायच्या आधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढायचा. आणि हो, त्याच दिवशी सगळा डेटा दुसऱ्या डिस्कवर घेतला.

बूट क्रमाबद्दल थोडक्यात. 'बूट डिव्हाइस सापडत नाही' आलं तर आधी मागे-पुढे पेनड्राइव्ह राहिलाय का बघा. निम्म्या वेळा तोच गुन्हेगार! क्रमात हार्डडिस्क पहिली ठेवा. पेनड्राइव्हवरून लिनक्स टाकायचं असेल तर जुन्या बायोसमध्ये तो आधी लावून मगच आत जायचं, नाहीतर यादीत दिसतच नाही. आणि कधीकधी तो हार्डडिस्कच्याच यादीत लपलेला असतो.

वीज परत आल्यावर काय करायचं, यासाठीही एक सेटिंग असतं. पॉवर मॅनेजमेंटमध्ये ते शोधा आणि 'ऑफ' ठेवा. आपल्याकडे लाईट येताना झटका घेऊन येते, आणि संगणकाने आपणहून लगेच चालू होणं परवडणारं नाही.

आता मेमरी. बंद पडलेल्या दुसऱ्या मशीनमधली २ जीबीची पट्टी काढून आम्ही यात घातली. डीडीआर२ आणि डीडीआर३ सारख्याच लांबीच्या, दोन्हींना २४० पिना, पण खाच वेगळ्या जागी. बसत नसेल तर जोर लावायचा नाही, ती पट्टी आपली नव्हेच. चालू केल्यावर नुसते बीप वाजू लागले तर पट्टी काढून तिच्या पिवळ्या पिना साध्या खोडरबराने हलक्या पुसा. आपल्या खाऱ्या, दमट हवेत त्यांच्यावर मळ चढतो. माझ्या हातून अशा तीन मशीन उठल्या आहेत. दोन पट्ट्या वेगवेगळ्या वेगाच्या असल्या तर दोन्ही हळू पट्टीच्या वेगाने चालतात. वेग आणि व्होल्टेज 'ऑटो'वरच राहू द्या, पट्टी स्वतःची माहिती स्वतःच सांगते.

एकूण ४ जीबी झाले, पण विंडोज दाखवतं सव्वातीन. फसवणूक नाही ही. ३२ बिटच्या विंडोजला ४ जीबीइतकेच पत्ते मोजता येतात आणि त्यातले काही ग्राफिक्स वगैरे भागांना द्यावे लागतात. प्रोसेसर चालवू शकत असेल तर ६४ बिट टाका, आणि बायोसमध्ये 'मेमरी रीमॅप' असेल तर चालू करा.

वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर चित्र दाखवायला मुख्य रॅममधूनच वाटा जातो. आमच्याकडे तो २५६ एमबी होता. वर्गातल्या १ जीबीच्या मशीनवर हा चौथा हिस्सा झाला! तिथे ६४ केला. मराठी टायपिंगला आणि पीडीएफ वाचायला तेवढा पुरतो. व्हिडिओ अडखळू लागला तर १२८ करा.

बायोसला सुपरवायझर पासवर्ड मात्र कोणी ठेवू नये असं माझं मत. बदली होते, सर जातात, पासवर्डही त्यांच्याबरोबर जातो.

निर्लेखनाच्या यादीतलं नाव मुख्याध्यापकांनी लाल पेनाने खोडलं. शिष्यवृत्तीचे फॉर्म ऑफिसमध्येच भरून झाले. मेन स्विच अजूनही शनिवारी बंदच होतो.