रस्त्यावर पायी चालणाराचा हक्क

सिन्नर हे गाव मोठ्या वाटांच्या नाक्यावर वसलेले आहे. नाशिकहून पुण्यास जाणारा हमरस्ता मोहदरीचा घाट ओलांडून येथे येतो, आणि घोटीकडून शिर्डीस जाणारा रस्ता त्यास येथेच मिळतो. ह्या रस्त्यांवर मोटारी, मालट्रका व एस.टी.च्या गाड्या रात्रंदिवस धावत असतात. पण त्याच रस्त्यांच्या कडेने पायी चालणारेही थोडे नाहीत. त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची पालखी पंढरपुरास निघते, ती ह्याच तालुक्यातून जाते; मुंबईकडून शिर्डीस पायी जाणारे यात्रेकरू ह्याच वाटेने येतात; माळेगाव व मुसळगाव येथील कारखान्यांत पाळीवर जाणारे कामगार, वळलेल्या विड्या पोचविण्यास निघालेल्या बाया, बाजारास आलेले शेतकरी, आणि पाठीस दप्तर लावून शाळेची वाट धरलेली आमची मुले, हे सर्व पायीच चालतात. ह्यांपैकी कोणास मोटारीचा धक्का लागून दुखापत झाली, तर कायदा त्यास कोणते साह्य देतो, हे विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून सांगावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

असा प्रसंग घडला म्हणजे आपल्या खेड्यांत तीन वाक्ये हटकून ऐकू येतात. पहिले, "गाडी पळून गेली, आता कोणाच्या नावाने ओरडणार?" दुसरे, "कोर्टकचेऱ्या श्रीमंतांच्या. गरिबाने त्या पायरीस जाऊ नये." आणि तिसरे, "मालक चार पैसे देतो आहे, ते घ्या आणि मिटवा." ही तिन्ही वाक्ये आज खोटी आहेत. ती खोटी कशी, हे आता क्रमाने पाहू.

पूर्वी स्थिती खरोखरच कठीण होती. अपघातात मृत्यू आल्यास वारसांस भरपाई मागता यावी असा कायदा आपल्या देशात १८५५ साली झाला. परंतु त्यासाठी दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागे, फी भरावी लागे, आणि चालकाचा दोष वादीनेच सिद्ध करावा लागे. १९३९ सालच्या मोटार वाहन कायद्याने मोटारमालकाने तिऱ्हाइताचा विमा उतरलाच पाहिजे असे ठरविले, व ते कलम १९४६ साली अमलात आले. तिऱ्हाईत म्हणजे मालकही नव्हे व विमा कंपनीही नव्हे, असा रस्त्यावरचा इतर मनुष्य. पायी चालणारा ह्यातच येतो. पुढे १९५६ सालच्या दुरुस्तीने अशा दाव्यांसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण नावाची स्वतंत्र न्यायसभा निर्माण झाली. १९८२ साली चालकाचा दोष सिद्ध न करताही मृत्यूबद्दल १५,००० व कायमच्या अपंगत्वाबद्दल ७,५०० रुपये मिळावेत असे प्रथमच ठरले. १९८७ साली गुजरातेतील एका मुलाच्या मृत्यूविषयीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असा अभिप्राय दिला की, ज्या पादचाऱ्याचा स्वतःचा काहीच दोष नाही, त्यास चालकाची चूक असो वा नसो, भरपाई मिळणे हेच सामाजिक न्यायास धरून आहे. १९८८ साली नवा कायदा आला, आणि २०१९ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. आज चालतो तो हाच कायदा होय.

आता अपघाताच्या पहिल्या घटकेचा विचार करू. शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याचा दाखला आमच्या मुलांस पाठ आहे. यरुशलेमेहून यरीहोस जाणाऱ्या वाटेवर जखमी पडलेल्या मनुष्यास पाहून दोघे प्रतिष्ठित दुसऱ्या बाजूने निघून गेले, आणि एका परक्याने त्यास उचलून उतारशाळेत नेले. आश्चर्याची गोष्ट ही की, आपल्या मोटार वाहन कायद्याच्या १३४-अ ह्या कलमात हेच 'गुड समॅरिटन' नाव योजिले आहे. जखमीस मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, त्याने आपले नाव सांगितलेच पाहिजे अशी सक्ती पोलिसांस करता येत नाही, व रुग्णालयास त्यास अडकवून ठेवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली ह्या नियमांस बंधनकारकता दिली होती. पुढे त्यांचे कलमच झाले. तेव्हा "पोलिसांचे लचांड मागे लागेल" ही भीती धरून दुसऱ्या बाजूने निघून जाण्यास आता कोणासही सबब उरली नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८ व पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक प्रत्येक मुलास मुखोद्गत असावेत.

जखमीस प्रथम औषधपाणी, मग कागदपत्र, हा क्रमही न्यायालयाने १९८९ सालीच परमानंद कटारा ह्या खटल्यात घालून दिला आहे. पोलीस येईपर्यंत उपचार थांबविण्याचा अधिकार कोणत्याही डॉक्टरास नाही. दाखल्यातील शोमरोन्याने उतारशाळेच्या मालकास पैसे दिले व उरलेले परत येताना देईन असे सांगितले. आज हा भार सरकारने उचलला आहे. केंद्र सरकारच्या २०२५ सालच्या योजनेप्रमाणे मोटार अपघातात जखमी झालेल्या कोणाही मनुष्यास नेमलेल्या रुग्णालयांत अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपावेतो उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात. रुग्णालयात पाऊल ठेवताच ह्या योजनेविषयी विचारावे. संकोच करू नये.

ह्यानंतर भरपाई कोण देणार, हा प्रश्न येतो. त्याची तीन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर, वाहन पळून गेले व त्याचा पत्ता लागला नाही तर. अशा वेळी मृत्यूबद्दल २ लाख व गंभीर दुखापतीबद्दल ५०,००० रुपये देण्याची योजना १ एप्रिल २०२२ पासून चालू आहे. त्याचा अर्ज न्यायालयात नव्हे, तर तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो. तो चौकशी करून जिल्हाधिकाऱ्याकडे अहवाल पाठवितो, व मंजुरीनंतर पैसे मिळतात. म्हणजे पळून गेलेल्या गाडीच्या नावानेही ओरडता येते. फक्त ते योग्य दारी गेले पाहिजे.

दुसरे उत्तर, वाहन सापडले, परंतु दोष कोणाचा ह्या वादात पडावयाचे नाही तर. कलम १६४ प्रमाणे चालकाचा दोष न दाखविता मृत्यूबद्दल ५ लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मालकाकडून वा विमा कंपनीकडून मिळतात.

तिसरे उत्तर, चालकाचा दोष दाखवून पूर्ण भरपाई मागावयाची असेल तर. तो अर्ज कलम १६६ प्रमाणे न्यायाधिकरणापुढे होतो. सिन्नरच्या रहिवाशास त्यासाठी अपघात झाला त्या दूरच्या गावी जाण्याचे कारण नाही. आपल्या राहत्या जिल्ह्यात, म्हणजे नाशिक येथे, अर्ज करता येतो. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. कलम १६४ ची ठरीव रक्कम स्वीकारली म्हणजे कलम १६६ चा अर्ज संपुष्टात येतो. म्हणून कोणत्याही कागदावर सही अथवा अंगठा करण्यापूर्वी वकिलास तो दाखवावा. घाईने उचललेले थोडे पैसे पुष्कळदा मोठ्या हक्काची किंमत घेतात.

पूर्ण भरपाई म्हणजे केवळ औषधाचे बिल नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार ह्या खटल्यात सांगितले की, उपचाराचा खर्च, बुडालेली मजुरी, पुढील उपचार, वेदना, आणि कायमच्या व्यंगामुळे पुढे होणारे कमाईचे नुकसान ही सर्व धरली पाहिजेत. आणि व्यंग किती टक्के ह्यापेक्षा त्या व्यंगाने त्या मनुष्याच्या धंद्याचे किती नुकसान झाले हे पाहिले पाहिजे. बोटे निकामी झालेल्या विडी वळणाऱ्या बाईचे नुकसान व तीच दुखापत झालेल्या व्याख्यात्याचे नुकसान सारखे नसते, हे कोणासही समजेल.

वरच्या वर्गातील मुलांनी हे गणित वहीत मांडून पाहावे. समजा, अडतीस वर्षांच्या एका बाईची महिन्याची कमाई १०,००० रुपये आहे, व अपघातामुळे तिची कमाईची शक्ती शेकडा ३० ने कमी झाली. वर्षाची कमाई १,२०,००० रुपये. तिचे शेकडा ३० म्हणजे ३६,००० रुपये. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सरला वर्मा खटल्यात वयाप्रमाणे गुणक ठरवून दिले आहेत. ३६ ते ४० वयास तो १५ आहे. म्हणून ३६,००० गुणिले १५ बरोबर ५,४०,००० रुपये. पुढे वाढणारी कमाई, उपचार व वेदना ह्यांची रक्कम ह्याहून निराळी. आता "चार पैसे घ्या आणि मिटवा" म्हणणारास हे गणित दाखवावे.

पादचाऱ्याचीही काही चूक असली, तर न्यायाधिकरण त्या प्रमाणात रक्कम कमी करते. हक्क समूळ नाहीसा होत नाही. तसेच चालकावरील फौजदारी खटला निराळा व भरपाईचा अर्ज निराळा. फौजदारीत चालक सुटला म्हणून भरपाई बुडाली, असे समजू नये.

आता दुसऱ्या वाक्याकडे वळू. कोर्टाची पायरी गरिबास महाग, असे म्हणतात. राज्यघटनेत १९७६ सालच्या दुरुस्तीने ३९-अ हे कलम आले, व त्यात विनामूल्य विधी साह्याचे तत्त्व सांगितले आहे. त्यास अनुसरून १९८७ साली विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला व १९९५ साली तो अमलात आला. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती व जमातींचे लोक, अपंग व औद्योगिक कामगार ह्यांस त्यांचे उत्पन्न न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो; इतरांस उत्पन्नाची मर्यादा आहे. म्हणजे आमच्या शाळेतील मुलास अपघात झाला, तर बालक ह्या नात्याने त्यास हे साह्य मागता येते. ह्यासाठी सिन्नरच्या न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीकडे, अथवा नाशिकच्या जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा. १५१०० ह्या क्रमांकावर दूरध्वनीनेही विचारता येते. लोकअदालतीत दोन्ही पक्षांच्या संमतीने प्रकरण लवकर मिटू शकते. मात्र तेथील निवाड्यावर अपील नसते, म्हणून रक्कम नीट तोलूनच होकार द्यावा. भरपाईत आपला टक्का ठरवून काम घेणारे मध्यस्थ रुग्णालयाच्या दारी भेटतात, त्यांस दूर ठेवावे. असा टक्का ठरविण्यास वकिलांच्या नियमांतही मनाई आहे.

ह्या सर्व हक्कांचा पाया म्हणजे पहिल्या दिवसांचे कागद. वाहनाचा क्रमांक, अपघाताची वेळ व जागा, पाहणाऱ्यांची नावे ताबडतोब लिहून ठेवावी. पोलिसांतील प्रथम खबरीची नक्कल जखमीस विनामूल्य मिळते. ती मागून घ्यावी. जागेचा पंचनामा, डॉक्टरचा दुखापतीचा दाखला, रुग्णालयातून सोडल्याचे कार्ड, औषधांची प्रत्येक पावती, आणि मजुरी वा पगाराचा पुरावा एका पिशवीत जपून ठेवावा. पोलिसांनी तीन महिन्यांत अपघाताचा अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवावा असा नियम आहे. तो गेला की नाही हे विचारीत राहावे. आणि २०१९ च्या दुरुस्तीने भरपाईच्या अर्जास अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे, ती विसरू नये. ज्यांची मुदत टळली त्यांनीही आपण होऊन निराश न होता विधी सेवा समितीच्या वकिलास विचारावे, कारण ह्या मुदतीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेलेला आहे.

हक्काबरोबर कर्तव्य येते, व ते येथे पालकांकडे आहे. परवाना नसलेल्या मुलाच्या हाती मोटारसायकल देणाऱ्या पालकास वा मालकास कलम १९९-अ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. परंतु दंडाहून मोठी गोष्ट ही की, त्या गाडीपुढे येणारे पादचारी मूल हे कोणाचे तरी असते. कदाचित ते आपल्याच वर्गातील असेल.

आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरी सरकारी कागद वाचणारे तेच एकटे असतात, हे आम्ही जाणतो. म्हणून त्यांस आमचे सांगणे आहे की, हा लेख संध्याकाळी आईवडिलांस वाचून दाखवावा, आणि १०८, ११२ व १५१०० हे तीन क्रमांक व 'सहा महिने' हे दोन शब्द घरच्या भिंतीवर ठळक लिहून लावावे. शेजारच्या घरी असा प्रसंग आला, तर कागदांची पिशवी भरण्यास व समितीचा अर्ज लिहिण्यास ज्यास अक्षर येते त्याने जावे. वाटेवर पडलेल्यास उचलणे हे पहिले काम. त्याचा हक्क त्याच्या हाती पडेपर्यंत त्याच्याबरोबर चालणे हे दुसरे, आणि ह्या दुसऱ्या कामास शाळेत शिकलेले मूल पुरेसे आहे.