दूर लोटलेली बहीण

शास्त्रपाठ : २ शमुवेल १४:१-१४, निर्गम २२:१-४



‘काळे पाणी’ हे शब्द कानी पडताच मराठी मनापुढे अंदमानची अंधारकोठडी उभी राहते. १९११ च्या जून महिन्यात विनायक दामोदर सावरकर यांना मद्रास बंदरातून ‘महाराजा’ जहाजाने अंदमानास नेण्यात आले, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. परंतु त्याच बंदरातून, त्याच शिक्षेखाली, कितीतरी सामान्य कैदी समुद्रापार गेले. त्यांच्यावर कोणी पोवाडे रचले नाहीत. त्यांत स्त्रियाही होत्या. प्रस्तुत पाठात आपण त्यांच्याकडे वळणार आहोत.

चेन्नईच्या सेंट्रल स्थानकाजवळ १८३७ साली बांधलेला एक तुरुंग होता. काळ्या पाण्याच्या कैद्यांना जहाज येईपर्यंत तेथे ठेवीत. २००६ साली कैदी पुळल येथील नव्या कारागृहात हलविण्यात आले आणि २००९ साली ती जुनी इमारत पाडण्यात आली. भिंती गेल्या; प्रश्न मात्र उरला. क्षुल्लक चोरीसाठी माणसाला जन्मभर त्याच्या माणसांपासून तोडावे काय?

कोणी म्हणेल, ही शिक्षा तर खुनी व दरोडेखोरांसाठी होती. तसे नव्हते. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत साध्या चोरीस तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली होती; पण ७५ व्या कलमान्वये एकदा शिक्षा भोगलेल्याने पुन्हा चोरी केल्यास त्याला आजन्म काळ्या पाण्यावर पाठविण्याची मुभा होती. भांडेकुंडे वा लुगडे चोरणाऱ्या गरीब स्त्रीवरही हे कलम लागू शकत असे. ही शिक्षा आपल्या कायद्यातून १९५६ च्या आरंभी गेली. आज ‘जन्मठेप’ म्हणजे तुरुंगवास. पूर्वी तिच्यात समुद्रही होता.

अंदमानच्या आधी मद्रासचे कैदी पूर्वेकडील बंदरांत पाठवीत. १८ एप्रिल १८२५ रोजी मूळचे मद्रासहून हद्दपार केलेले ८० कैदी बेंकुलेनहून सिंगापुरात उतरले; त्या बेटावर आलेली कैद्यांची ही पहिली तुकडी होय. पुढे तेथील संत आंद्रिया कॅथीड्रल हिंदी कैद्यांच्याच श्रमांनी उभे राहिले. १८५६ साली त्याचा पाया घातला गेला व १८६२ साली त्याचे समर्पण झाले. त्याच्या भिंतींना शिंपल्यांचा चुना, अंड्यांचा पांढरा बलक आणि साखर यांचा गिलावा आहे. त्याला ‘मद्रास चुना’ म्हणतात. ज्यांना समाजाने बाहेर टाकले, त्यांच्या हातांनी प्रभूचे मंदिर बांधले गेले. ही गोष्ट वाचून नुसते भारावून जाऊ नका. त्या हातांना बेड्या होत्या, हेही ध्यानात ठेवा.

आता एका मुलीची हकीकत पाहू. मेरी वेड हे तिचे नाव. लंडनच्या रस्त्यावर भीक मागून व झाडलोट करून ती पोट भरी. तिने व एका १४ वर्षांच्या मुलीने मिळून आठ वर्षांच्या एका बालिकेच्या अंगावरचा सुती झगा, खांद्यावरचे वस्त्र व टोपी हिसकावून घेतली आणि झगा गहाण टाकला. जानेवारी १७८९ मध्ये न्यायालयाने दोघींना फाशीची शिक्षा फर्मावली. मेरी तेव्हा अवघी ११ वर्षांची होती! मार्च महिन्यात राजा तिसरा जॉर्ज आजारातून बरा झाल्याच्या आनंदात फाशीऐवजी हद्दपारी आली. दोनशेंहून अधिक स्त्रियांसह ‘लेडी ज्युलियाना’ जहाजाने ती जून १७९० मध्ये ऑस्ट्रेलियास पोहोचली. मायदेश तिला पुन्हा दिसला नाही. १८५९ साली ती वारली तेव्हा तिचे तीनशेंहून अधिक वंशज हयात होते. २००७ साली ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान झालेले केविन रड हे तिच्याच वंशातले.

तिचा अपराध खोटा नव्हता. ज्या बालिकेचे कपडे गेले, तिचे रडणेही खरे होते. अपराध आणि शिक्षा यांचा मेळ मात्र कोठेच नव्हता.

आणि मंडळीने काय केले? १८०६ साली त्या वसाहतीतील पाद्री सॅम्युएल मार्सडेन यांनी स्त्रियांची एक यादी केली. तिच्यात दोनच रकाने होते : ‘विवाहित’ व ‘रखेल’. १,४३० स्त्रियांपैकी ३९५ पहिल्या रकान्यात व १,०३५ दुसऱ्यात गेल्या. चर्च ऑफ इंग्लंडच्या विधीने लग्न न झालेली प्रत्येक स्त्री, मग ती रोमन कॅथोलिक विधीने विवाहित का असेना, दुसऱ्या रकान्यात पडली. न्यायालयाने तिला देशातून काढले. पाळकाच्या लेखणीने तिला माणसांतूनही काढले.

पवित्र शास्त्राचा मार्ग निराळा आहे. मोशेच्या नियमशास्त्रात मालाच्या चोरीस मृत्युदंड नाही, भरपाई आहे. बैलाबद्दल पाच, मेंढराबद्दल चार, आणि चोरलेले जनावर जिवंत सापडल्यास दुप्पट. ज्याच्याजवळ काहीच नाही त्याला चाकरीस विकले जाई. हे कठोर होते, यात संशय नाही. तथापि इब्री दासाची सातव्या वर्षी सुटका होई (निर्गम २१:२). चोर ज्याचे देणे लागतो त्याच्यासमोरच राही. त्याला क्षितिजापलीकडे फेकून हिशेब मिटविला जात नसे.

तकोवा येथील शहाणी स्त्री दावीद राजाला सांगते की, घालवून दिलेला आपल्यापासून दूरच राहू नये म्हणून देव युक्ती योजतो. येथे मूळ इब्री शब्द ‘निद्दाख’ असा आहे. हाच शब्द अनुवाद २२:१ मध्ये भरकटलेल्या मेंढरासाठी येतो, आणि तेथे आज्ञा अशी की, ते दिसल्यावर डोळेझाक करू नये, ते भावाकडे पोहोचवावे. भाषांतर करताना एका ठिकाणी ‘हद्दपार’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘चुकलेले’ असे लिहावे लागते, त्यामुळे मराठी वाचकाच्या नजरेतून हे नाते निसटते. देवाच्या दृष्टीने हद्दपार मनुष्य हे परत आणावयाचे मेंढरू आहे.

जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत एक नवी तरतूद आहे. चोरीचा माल ५,००० रुपयांहून कमी किमतीचा असेल, दोषी ठरण्याची ती पहिलीच वेळ असेल, आणि माल वा त्याचे मूल्य परत केले असेल, तर शिक्षा म्हणून सामुदायिक सेवा द्यावी. भरपाईची जुनी वाट अशा रीतीने पुन्हा उघडली आहे. पण २०२२ च्या अखेरीस आपल्या तुरुंगांतील दर १०० कैद्यांपैकी सुमारे ७५ जण कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले होते. जामिनाला माणूस नाही म्हणून आत राहिलेल्या स्त्रीला समुद्र ओलांडावा लागत नाही. तिचे काळे पाणी आपल्याच शहरात आहे.

मनन व चर्चेसाठी :

१. आपल्या मंडळीच्या मनात ‘दोन रकान्यांची’ यादी आहे काय? तिच्यात कोणाची नावे आहेत?

२. भरपाई (लूक १९:८) आणि क्षमा यांचा परस्परसंबंध काय?

३. तुरुंगातून सुटून आलेली बहीण येत्या रविवारी उपासनेस आली, तर तिच्याशेजारी कोण बसेल?