नोकरी कशी शोधावी व अर्ज कसा करावा

शालान्त परीक्षेचा निकाल लागून गुणपत्रिका हातीं आली म्हणजे दौंडच्या घरोघरीं एकच बोलणें सुरू होतें : आतां पुढें काय ? कोणी महाविद्यालयांत जातो, कोणी शेतीकडे वळतो. परंतु पुष्कळांस दोन-तीन वर्षांच्या आंत मिळवतें व्हावें लागतें. त्यांच्यासाठीं व त्यांच्या आईबापांसाठीं चार उपयुक्त गोष्टी येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. हा विषय क्रमिक पुस्तकांत येत नाहीं. आणि आला असता तरी दौंडच्या मुलास नेमकी लागणारी माहिती त्यांत असती असें नाहीं.

दौंड हें रेल्वेचें गांव. १८७८ सालीं मनमाडचा फांटा सुरू झाला तेव्हांपासून येथें जंक्शन आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या रेल्वेवर पोसलेलीं कुटुंबें या गांवांत आहेत. या कुटुंबांतून एक समजूत अजून खोल रुजलेली दिसते. ती ही कीं, वडिलांची जागा मुलास मिळते. या समजुतीस एके काळीं आधार होता. वडिलांनीं मुदतीपूर्वीं निवृत्त व्हावें व पात्र मुलास कामावर घ्यावें, अशी योजना गँगमन व इंजिनचालक यांच्यासाठीं २००४ पासून चालू होती. ती कायद्यास धरून आहे काय, असा प्रश्न न्यायालयांत निघाल्यावर २०१८ सालीं रेल्वे मंडळानें ती बंद केली. आतां उरली आहे ती अनुकंपेची नेमणूक; आणि ती, सेवेंत असतां कर्मचारी वारला किंवा वैद्यकीय कारणानें कामास अपात्र ठरला, तरच. हें इतक्या स्पष्टपणें सांगण्याचें कारण असें कीं, 'बाबांची जागा' येईल या आशेवर पंचविशी गांठलेले तरुण आम्हीं पाहिले आहेत. जागा येत नाहीं, आणि कांहीं शिकण्याची उमेद मात्र निघून जाते.

मग रेल्वेंत जावयाचें तर कसें ? रेल्वे भरती मंडळ आपली जाहिरात आपल्या संकेतस्थळावर देतें व तिची सूचना 'रोजगार समाचार' या साप्ताहिकांत येते. अर्ज संकेतस्थळावरच भरावयाचा, परीक्षा संगणकावर द्यावयाची. २०२४ च्या जाहिरातींत सर्वसाधारण उमेदवारास ५०० रुपये शुल्क होतें, व पहिल्या परीक्षेस जो बसेल त्यास त्यांतील ४०० रुपये बँकेचा खर्च वजा करून परत मिळावयाचे होते. अनुसूचित जातिजमातींचे उमेदवार, स्त्रिया व माजी सैनिक यांस २५० रुपये, आणि ते सर्वच परत. रेल्वेच्या परीक्षेसाठीं द्यावयाचा पैसा तो एवढाच.

दुसरी वाट शिकाऊ उमेदवारीची. १९६१ च्या कायद्याप्रमाणें मध्य रेल्वे आपल्या कारखान्यांतून व शेडांतून आयटीआय झालेल्या मुलांस 'अप्रेंटिस' म्हणून घेते. त्यासाठीं परीक्षा नसते. दहावीचे व आयटीआयचे गुण पाहून यादी लागते. म्हणजे दहावीचे गुण हे नुसते भिंतीवर लावावयाचे नव्हेत. अप्रेंटिस झाल्यानें नोकरी आपोआप मिळत नाहीं हें खरें. परंतु रेल्वेच्या सर्वांत खालच्या श्रेणीच्या जागांपैकीं शेंकडा २० जागा रेल्वेंत शिकाऊ उमेदवारी पुरी केलेल्यांसाठीं राखून ठेवण्यांत येतात. ज्या घरांत फिटर किंवा इलेक्ट्रिशियन होऊं शकेल असा मुलगा आहे त्या घरीं ही गोष्ट माहीत नसावी, याचें आम्हांस नवल वाटतें.

आतां पालकांस विशेष सांगावयाचें तें. "माझी वर ओळख आहे, इतके लाख द्या, महिन्याभरांत नेमणूक" असें म्हणणारे लोक जंक्शनच्या गांवीं नेहमींच फिरत असतात. ते उर्मट नसतात. फार गोड बोलतात, चहा घेतात, मुलाच्या डोक्यावरून हात फिरवितात. त्यांच्याजवळ शिक्का मारलेलें पत्र असतें, वैद्यकीय तपासणीची तारीख असते, कधीं कधीं खोटें प्रशिक्षणही दाखविण्यांत येतें. अशा माणसाच्या शब्दावर शेताचा तुकडा किंवा घरधनिणीचे दागिने गेल्याचे प्रकार घडतात, आणि मुलास अपराध्यासारखें वाटून तो घरीं तोंड दाखवीनासा होतो. परीक्षा संगणकावर होत असतां, निकाल क्रमांकानुसार लागत असतां, ही 'ओळख' कोठें बरें कामास येईल ? हा प्रश्न त्या गृहस्थास सर्वांदेखत विचारावा. आणि पैसे भ्रमणध्वनीवरून गेलेच असतील तर लाजून घरीं बसूं नये. १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें व पोलिस ठाण्यांत लेखी तक्रार द्यावी. पहिल्या कांहीं तासांत कळविलें तर पैसे अडवितां येण्याचा संभव असतो.

अर्जाच्या आधीं कागद. येथेंच सर्वांत जास्त मुलें अडखळतात, म्हणून थोडें विस्तारानें लिहितों. दहावीच्या प्रमाणपत्रावर नांव जसें आहे, अगदीं त्याच अक्षरांत तें आधार कार्डावर व बँकेच्या पुस्तकावर असावें. आमच्याकडे एकाच मुलाचें आडनांव तीन कागदांवर तीन प्रकारें लिहिलेलें असतें. कोठें वडिलांचें नांव मध्यें, कोठें गाळलेलें. मुलीचें लग्न झालें कीं आणखी एक फरक. ही दुरुस्ती निकालाच्या दिवसांत करूं गेल्यास रांगा लागतात. ती आठवी-नववींतच शाळेच्या नोंदवहीपासून सुरू करावी.

जातीच्या दाखल्याचें तर निराळेंच प्रकरण आहे. राज्य शासनाच्या नोकरीसाठीं जो दाखला चालतो तोच केंद्राच्या नोकरीस चालेल असें समजूं नये. रेल्वे ही केंद्राची. तिला इतर मागासवर्गीयांचा दाखला केंद्राच्या नमुन्यांत लागतो. आमच्या तालुक्यांत धनगर समाज मोठा आहे. राज्यांत त्याची गणना भटक्या जमातींच्या 'क' वर्गांत होते, परंतु केंद्राच्या यादींत भटक्या जमाती असा निराळा वर्गच नसून तेथें हा समाज इतर मागासवर्गांत येतो. अर्जांत चुकीचा रकाना भरला कीं गुण असूनही कागदांच्या तपासणींत नांव गळतें. नॉन-क्रीमिलेअर दाखल्याची मुदतही पाहावी. मागील वर्षाचा कागद घेऊन मुंबईस जाणें म्हणजे गाडीभाडें वाया घालविणें होय.

संकेतस्थळावर अर्ज भरतांना पुष्कळजण ई-सेवा केंद्रांत जाऊन दुकानदाराच्याच हातीं सर्व सोंपवितात. तेथें जाण्यास हरकत नाहीं. परंतु भ्रमणध्वनी क्रमांक व ई-मेल स्वतःचाच द्यावा, दुकानदाराचा किंवा मित्राचा नव्हे. प्रवेशपत्राची सूचना त्याच क्रमांकावर येते, आणि सहा महिन्यांनीं मित्र क्रमांक बदलून बसलेला असतो. शेवटचें बटण दाबण्यापूर्वीं सर्व अर्ज आपण स्वतः वाचावा. जन्मतारीख दोनदां वाचावी. अर्ज भरून झाला कीं त्याची छापील प्रत घेऊन नोंदणी क्रमांक एका वहींत टिपून ठेवावा.

खाजगी कारखान्यांची रीत निराळी. दौंड तालुक्यांत कुरकुंभ येथें रासायनिक कारखाने आहेत. शिरूर तालुक्यांत रांजणगांवास मोटारी, फ्रिज, दूरदर्शन संच यांचे मोठे कारखाने आहेत, व चौफुला-न्हावरा मार्गानें तिकडे जातां येतें. तेथें छोटें पत्र लिहावें लागतें, आणि आमचीं मुलें नेमकीं यांतच कच्चीं. एक तर तीं कांहींच लिहीत नाहींत, नाहीं तर घरच्या गरिबीचें वर्णन करूं लागतात. कारखानदारास गरिबी नको, काम हवें आहे. पत्र असें असावें :

"आपल्या कारखान्यांत फिटरची जागा रिकामी असल्याची सूचना फाटकावरील फलकावर वाचली. मी फिटरचा दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम यंदा उत्तीर्ण झालों असून मला मोजमापाचीं यंत्रें वापरतां येतात व नकाशा वाचतां येतो. तिन्ही पाळ्यांत काम करण्यास मी तयार आहें. प्रमाणपत्रांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. भेटीसाठीं बोलाविल्यास दिलेल्या वेळीं हजर राहीन."

इतकें पुरे. खालीं सही, पत्ता, क्रमांक. जें येत नाहीं तें 'येतें' म्हणून लिहूं नये, कारण फोरमन पहिल्याच दिवशीं व्हर्निअर हातांत देतो. पत्र इंग्रजींत द्यावयाचें असल्यास आधीं मराठींत लिहून मग शिक्षकांच्या मदतीनें उतरावें; दुसऱ्याचें इंग्रजी पत्र नक्कल केलेलें लगेच ओळखूं येतें.

राज्य राखीव पोलिस दलाचे पांचवा व सातवा हे दोन गट दौंडासच आहेत, त्यामुळें त्या भरतीकडे मुलांचा ओढा असणें स्वाभाविक आहे. तेथें बारावी उत्तीर्ण असावें लागतें व ५ किलोमीटर धांवण्यास ५० गुण असतात. जाहिरात आल्यावर पळावयास सुरुवात करणाऱ्याचें काम नव्हे. वर्षभर आधीं पहाटे उठावें. मात्र सर्व भिस्त एकाच भरतीवर ठेवून चार-चार वर्षें दुसरें कांहींच न करणें आम्हांस पसंत नाहीं. पहाटे धांवावें, दिवसा कांहीं तरी शिकावें किंवा कमवावें.

मुलाखतीस जातांना धुतलेले साधे कपडे, मूळ कागद एका पिशवींत, प्रती दुसऱ्या पिशवींत. पुण्यास सकाळीं १० वाजतां बोलाविलें असेल तर शेवटची सोयीची गाडी धरूं नये. तिच्या आधींची धरावी. प्रश्न समजला नाहीं तर नम्रपणें पुन्हां विचारावा. मुलींच्या पालकांनीं पाळी कोणती, कारखान्याची बस कोठपर्यंत येते, हें पहिल्या भेटींतच विचारावें. तें विचारण्यांत कांहीं गैर नाहीं. आणि समाधानकारक उत्तर मिळालें तर केवळ लोक काय म्हणतील या भीतीनें मुलीस घरीं बसवूं नये.

काम मिळालें कीं नेमणूक कोणाकडून आहे तें पाहावें, कंपनीकडून कीं ठेकेदाराकडून. ठेकेदाराकडून असली तरी नेमणूकपत्र मागावें. भविष्यनिर्वाह निधीसाठीं पगारांतून शेंकडा १२ कापले जात असतील तर मालकानेंही तितकेच भरावयाचे असतात. त्याचा यूएएन क्रमांक मागून घ्यावा व रक्कम खरोखर जमा होते कीं नाहीं तें भ्रमणध्वनीवर स्वतः पाहावें. ठेकेदार बदलला तरी हा क्रमांक बदलत नाहीं. नव्या ठेकेदारानें दुसरा क्रमांक काढावयास सांगितलें तर जुनाच पुढें करावा, आणि तोही त्याच वहींत, अर्जांच्या क्रमांकांखालीं, लिहून ठेवावा.